त्रिमितीय विस्तृत दृश्य (व्हिडिओ)

अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी टिपलेल्या चित्रांची जोडणी करून, खोलीचे (वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याचे) भान देणारे रुंद दृश्य तयार करण्याचे तंत्र. ठाण्याच्या मासुंदा तलावाचा (तलावपाळी) काठ कोपिनेश्वर मंदिरापासून गडकरी रंगायतनपर्यंत सलग दाखवायचा, तर एक कॅमेरा अपुरा पडतो.

सपाट रुंद चित्रासाठी शेजारच्या दोन कॅमेऱ्यांत एक तृतीयांश भाग सामाईक असला की पुरते. खोली काढायची तर प्रत्येक बिंदू किमान दोन कॅमेऱ्यांना दिसावा लागतो, म्हणजे निम्मा भाग सामाईक हवा. ६० अंशांच्या भिंगांनी पूर्ण वर्तुळ टिपायला त्यामुळे १२ कॅमेरे लागतात. सात-आठांत भागवणे हमखास अंगाशी येते.

आधी बुद्धिबळाच्या पटासारखी पाटी वेगवेगळ्या कोनांत धरून कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची अंतर्गत मापे आणि जागा ठरवणे) करतात. त्यानंतर फोकस वा झूमला हात लावला की ते वाया गेले. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही हाताने पक्के करावे, नाहीतर जोडरेषेवर आभाळाचा रंग बदलतो. सर्व कॅमेऱ्यांचे शटर एकत्र उघडणे अत्यावश्यक. सेकंदाला २५ फ्रेम असताना एका फ्रेमचा फरक ४० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात ताशी ३६ किमी वेगाची रिक्षा ४० सेंमी पुढे सरकते आणि जोडावर तुटकी दिसते.

जवळची वस्तू दोन कॅमेऱ्यांतून पार्श्वभूमीवर सरकलेली दिसते. हा पराशय सपाट जोडणीत बिघाड ठरतो (काठावरचा कठडा दुहेरी उमटतो), पण खोली मोजायला आधारही त्याचाच. समांतर कॅमेऱ्यांसाठी वस्तूचे अंतर = नाभ्यंतर (भिंगाची फोकल लेंग्थ, पिक्सेलमध्ये) × कॅमेऱ्यांमधले अंतर ÷ सरक (वस्तू दोन चित्रांत किती पिक्सेल सरकली ते). नाभ्यंतर १,००० पिक्सेल आणि कॅमेरे ५० सेंमी दूर असतील, तर २० मीटरवरची वस्तू २५ पिक्सेल सरकते. १०० मीटरवरची फक्त ५. तिथे एका पिक्सेलची चूक १०० चे १२५ मीटर करते. पैलतीराची खोली म्हणूनच भरवशाची नसते; त्यासाठी कॅमेरे एकमेकांपासून आणखी लांब ठेवावेत.

पाण्यावर हे गणित फसते. लाटेवरची चमक प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळ्या जागी दिसते, त्यामुळे खऱ्या जोड्या (एकाच बिंदूच्या दोन चित्रांतल्या जागा) जुळत नाहीत आणि तलावात खड्डे-उंचवटे उमटतात. पाण्याचा भाग वगळून तिथे सपाट पातळी भरणे बरे. नवी मुंबईतल्या टॉवरांच्या एकसारख्या खिडक्यांची अडचण उलटी: जोड्या भरपूर, पण शेजारच्याच खिडकीशी जुळलेल्या. रॅन्सॅकसारखी (बहुसंख्य जोड्यांशी न पटणाऱ्या जोड्या वगळणारी पद्धत, १९८१) गाळणी विखुरलेल्या चुका टाकते. सगळ्या मिळून एकच खिडकी सरकल्या असतील तर तीही फसते. अशा वेळी कॅलिब्रेशनमधून कळलेल्या कॅमेऱ्यांच्या जागा वापरून शोधाची कक्षा आवळतात.