स्ट्रीट ट्रॅकर: मातीच्या रिंगणातून नाशिकच्या रस्त्यावर आलेल्या गाडीची पार्श्वभूमी

जुनी बुलेट किंवा यामाहाची आरएक्स १०० उघडून तिची स्ट्रीट ट्रॅकर, म्हणजे मातीच्या रिंगणातल्या शर्यतीच्या गाडीसारखी पण रस्त्यावर चालणारी गाडी, करायचं खूळ नाशकातही रुजलं आहे. रुंद हँडल, बुटकी टाकी, मागे उचललेली छोटी सीट, बाजूला शर्यतीच्या नंबराची पाटी, दोन्ही चाकं जवळपास सारखी. फोटो दाखवून असं रूप कोणत्याही गॅरेजमधून करून मिळतं. पण यातला प्रत्येक भाग मातीच्या शर्यतीत कुठल्या तरी कारणाने जन्मला आहे. ते कारण माहीत असेल तर काय ठेवायचं, काय बदलायचं आणि कशाला हातच लावायचा नाही हे ठरवता येतं. माहीत नसेल तर गाडी दिसायला ट्रॅकर आणि चालवायला त्रासाची होते.

अमेरिकेत जत्रांच्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीची लंबगोल रिंगणं असत. मोटरसायकली तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धावू लागल्या. मंदीच्या काळात कंपन्यांना खास शर्यतीची गाडी बनवणं परवडेनासं झालं, तेव्हा तिथल्या अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने १९३० च्या दशकात ‘क्लास सी’ नावाचा वर्ग आणला: बाजारात विकली जाणारीच गाडी घ्यायची आणि तीच पळवायची. साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला) इंजिनाला ७५० सीसीची मुभा, ओव्हरहेड व्हॉल्व्हला (झडपा वर) ५०० सीसीची. रोजच्या गाडीचे दिवे, मडगार्ड, स्टँड काढून तिला हलकी करायची ही पद्धत तिथून पक्की झाली. म्हणजे जुनी गाडी सोलून ट्रॅकर करणं ही अलीकडची फॅशन नाही, या खेळाची सुरुवातच तशी झाली.

रिंगणात गाडी फक्त डावीकडे वळते. वळणावर मागचं चाक बाहेर घसरू द्यायचं, पुढचं चाक उलट दिशेला धरायचं आणि पोलादी तळ घातलेला डावा पाय जमिनीवर टेकवत निघायचं. पुढचं चाक असं उलट दाबून धरायला ताकद लागते, म्हणून हँडल रुंद. अंग पुढे-मागे सरकवायला सीट सपाट, आणि थ्रॉटल उघडल्यावर बसणारा मागे घसरू नये म्हणून तिच्या शेवटी उंचवटा. मातीत पकड मिळावी आणि खाचखळग्यांत चाक अडकू नये म्हणून दोन्हीकडे १९ इंची चाकं. ब्रेक मात्र सुरुवातीला नव्हताच. १९७० च्या आसपास मागच्या ब्रेकला परवानगी मिळाली. पुढचा ब्रेक ओव्हलवर आजही लावत नाहीत. पळताना पुढचं चाक लॉक झालं तर आदळण्यापलीकडे काही होत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

१९५४ पासून ग्रँड नॅशनल ही फेऱ्यांची मालिका सुरू झाली. इंजिनाच्या आकाराचा जुना नियम १९६० च्या दशकाच्या अखेरीस बदलला आणि त्यातून हार्ले-डेव्हिडसनची एक्सआर ७५० आली, १९७० मध्ये. तिचं पहिलं इंजिन बिडाचं होतं आणि भयंकर तापायचं. १९७२ मध्ये अल्युमिनियमचं आलं आणि मग ही गाडी पुढची कित्येक वर्षं रिंगणावर राज्य करत राहिली. आज ज्याला आपण ट्रॅकरचं रूप म्हणतो, ती छोटी टाकी आणि फायबरची एकसंध शेपटी, ते बहुतांशी तिचंच आहे.

रस्त्यावरच्या ट्रॅकरला खरा हातभार मात्र यामाहाच्या एक्सएस ६५० ने लावला. अमेरिकी शर्यतपटू केनी रॉबर्ट्सने याच इंजिनावर १९७३ आणि १९७४ चं विजेतेपद मिळवलं. हीच मोटर घरोघरच्या गाडीतही होती, शिवाय रिंगणासाठी चेसिस बनवणाऱ्यांकडून फ्रेम आणि फायबरची सीट विकत मिळायची. लोकांनी त्यावर दिवा, आरसा, पुढचा ब्रेक आणि नंबर प्लेट चढवली. झाली स्ट्रीट ट्रॅकर. ट्रॅकरची रस्त्यावरची व्याख्या आजही इतकीच आहे: रिंगणाने काढून टाकलेलं पुन्हा लावलेली गाडी.

आपल्याकडच्या गाड्यांचं या मातीशी नातं दोन वाटांनी जुळतं. एक येझदीची. तिचं मूळ झेक जावामध्ये, आणि १९६४ मध्ये जावात विलीन झालेल्या दिविशोवच्या ‘एसो’ कारखान्याने स्पीडवेची, म्हणजे मातीच्याच रिंगणातल्या शर्यतींची, इंजिनं जगभर पोचवली. मैसूरच्या आयडियल जावाने बनवलेली दोन स्ट्रोक गाडी त्या स्पीडवेच्या गाडीची चुलत बहीणही नाही, घराणं तेवढं एक. दुसरी वाट बुलेटची, आणि बांधणाऱ्याच्या दृष्टीने तीच जास्त कामाची. १९५० च्या दशकात लष्कराने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या, १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी सुरू झाली, आणि इंग्लंडमधली बुलेट १९६२ मध्ये बंद पडल्यावरही इथली तशीच चालू राहिली. त्यामुळे त्या काळच्या इंग्रजी गाडीची मापं इथे टिकली. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९ ची चाकं असतात. रिंगणाचं माप कारखान्यातूनच मिळालेली अशी दुसरी गाडी आपल्या भंगारबाजारात सहसा सापडत नाही.

पण त्याच बुलेटमध्ये एक उलटी गोष्ट आहे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. अमेरिकेने १९७४ मध्ये नियम करून डावीकडे गिअर, उजवीकडे ब्रेक पक्का केला. ट्रॅकरच्या चालीलाही तेच सोयीचं, कारण डावा पाय खाली टेकलेला असताना ब्रेकसाठी उजवाच मोकळा असतो. जुन्या बुलेटवर शेतातल्या मोकळ्या जागेत गाडी घसरवायचा सराव करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं: डावा पाय बाहेर गेला की मागचा ब्रेकही गेला. दांड्यांचं जुगाड करून बाजू बदलता येतात, पण सांध्यांतल्या ढिलाईमुळे गिअर हुकतात. रस्त्यावर चालवायची असेल तर आहे तसंच ठेवणं शहाणपणाचं.

आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) हा दुसरा आवडता पाया. हलकी, चपळ, पण चाकं १८ इंची: पुढे २.५०, मागे २.७५. ट्रॅकर दिसावी म्हणून मागे ३.५०-१९ बसवलं की चाकाचा व्यास साधारण ५९७ मिमीवरून ६६० मिमीवर जातो, म्हणजे ११ टक्क्यांनी वाढतो. १०० सीसीच्या इंजिनाला हा फरक लगेच जाणवतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम निघतो. मागच्या चेनसॉकेटला दर १० दातांमागे १ दात वाढवला की हिशोब पुन्हा जुळतो. पुढचं चाक मोठं केलं तर वेगाचा काटाही कमी दाखवतो. काटा ५० वर असताना गाडी ५५ च्या पुढे असते. बुलेटला मागचे दात वाढवायची मुभा नाही, कारण जुन्या बुलेटचं मागचं सॉकेट ब्रेकड्रमलाच ओतलेलं असतं. तिथे दातांचा खेळ गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या सॉकेटवरच करावा लागतो.

मागच्या चाकाला पुढच्या चाकाचं टायर वापरायची वेळ आली, आणि १९ इंचात ती बहुतेकदा येते, तर टायरवरचा दिशेचा बाण उलट्या दिशेने बसवायचा. पुढच्या टायरवर जोर ब्रेकचा येतो, मागच्यावर इंजिनाचा, आणि हे दोन जोर परस्परांच्या विरुद्ध असतात. नवीन रिम घेताना भोकं मोजून घ्या: बुलेटच्या हबला ४० आरे, आरएक्सला ३६. आरे झिंक प्लेटिंगला दिले तर प्लेटिंगनंतर लगेच १९० अंशांवर काही तास भट्टीत ठेवायला सांगा. आम्लात शिरलेला हायड्रोजन बाहेर निघाला नाही तर आरा ठिसूळ होतो आणि महिन्याभराने डोक्याजवळ तडकतो.

नाशिकला या कामात मोठा फायदा आहे तो सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींचा. मोटारींच्या सुट्या भागांमुळे इथे लेथ, टिग वेल्डिंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग सगळं हाताशी आहे. पण कारखान्याच्या कामाला बसलेल्या माणसाला जुन्या गाडीची नजाकत सांगावी लागते. चेसिसची शेपटी कापायची असेल तर आधी मूळ पाइपची जाडी आणि व्यास व्हर्नियरने मोजा. नवा पाइप सीमलेस घ्या. सांध्यात आतून ६० मिमीचा घट्ट तुकडा घाला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. बाहेरच्या पाइपला ६ मिमीची भोकं पाडून ती वेल्डने भरून घ्या, मगच गोल वेल्ड मारा. नुसता तोंडाला तोंड लावून केलेला जोड इंजिनाच्या थरथरीने वेल्डच्या कडेलाच तुटतो, वेल्डमध्ये नाही. आधी टाके मारा, मागचं चाक चढवून दोरीने रेषा तपासा, मग एकाआड एक बाजूने पूर्ण करा. सलग मारलं की उष्णतेने शेपटी एका अंगाला ओढली जाते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. तो चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या, बुश, रबर आधी काढावीत. आणि चेसिस नंबरावर उष्णता सोसणारी पट्टी चिकटवावी. हे विसरलात तर जाड रंगाखाली नंबर बुजतो आणि गाडी पासिंगला नेली की अधिकाऱ्याला तो वाचता येत नाही. मग नंबर घासून उघडा करावा लागतो, आणि घासलेला नंबर पाहिला की संशय आलाच.

मागचे शॉकअप लांब घालून गाडी उचलायचा मोह सर्वांना होतो. बुलेटचा व्हीलबेस सुमारे १३७० मिमी आहे, म्हणून मागचा एक्सल २४ मिमी वर गेला की पुढचा फोर्क एका अंशाने उभा होतो. एका अंशापर्यंत वळण हलकं होतं, ते छान वाटतं. त्यापुढे गेलं की वेगात हँडल थरथरू लागतं, चेन स्विंग आर्मला घासते, साइड स्टँड तोकडं पडतं. रुंद हँडल, साधारण ८० ते ८५ सेंमी, लावल्यावर क्लच, थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकच्या केबली लांब लागतात. तपासणी सोपी: इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणतेय.

शेपटीचं फायबर घरी ओतता येतं. ४५० ग्रॅमच्या मॅटचे ३ थर पुरतात, सीटखाली बोल्टांच्या जागी ५. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) मिसळून नीट ढवळायचं, त्यानंतर हार्डनर, रेझिनच्या १ ते २ टक्के. एप्रिल-मेच्या उन्हात १ च. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो.

सायलेन्सरच्या बाबतीत बुलेट आणि आरएक्स यांचे नियम वेगळे. बुलेटचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला की मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) एकेक पायरी वाढवत प्लगचा रंग बदामी येईपर्यंत जावं लागतं. आरएक्सचा सायलेन्सर हा दोन स्ट्रोक इंजिनाचा अर्धा श्वास आहे. आतल्या शंकूंची मापं परतणाऱ्या दाबाच्या लाटेवर बेतलेली असतात. तो कापून आखूड केला की आवाज वाढतो आणि ताकद घटते.

मडगार्डचा मुद्दा नाशकात वेगळा आहे. रिंगणावर पाऊस पडला की शर्यत थांबते. आपल्याला जुलैत त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडे जायचं असतं. मागचं मडगार्ड पूर्ण काढलं तर चाकाने उडवलेला चिखल थेट फिल्टरवर येतो आणि सीटखालच्या वायरिंगमध्ये बसतो. बाहेरून न दिसणारं आतलं मडगार्ड, १.२ मिमी पत्र्याचं, स्विंग आर्मलाच बांधलं तर रूपही राहतं आणि फिल्टरही.

कायद्याची बाजू कठीण आहे आणि ती आधी वाचायला हवी. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेसिस कापलेली गाडी या कलमात सरळ बसते. म्हणून एमएच १५ ची आरसी जपायची असेल त्याने मूळ चेसिस न कापता, बोल्टने बसणारी सीट, हँडल, टाकी अशी परत काढता येणारी बांधणी निवडावी, आणि कापलेली गाडी खासगी जमिनीवरच चालवावी. रंग बदलला तर आरसीवर नोंदवून घ्यावा. केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी धरायला कडी, फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडीगार्ड लागतं. एकट्याच्या सीटच्या नादात हे तिन्ही उडतात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला पेठ रोडच्या आरटीओत गाडी उभी करताना नेमकं हेच पाहिलं जातं. नवी सुरक्षित नंबर प्लेट एकदा कुलूपबंद रिव्हेटने बसली की वाकवता किंवा हलवता येत नाही, तेव्हा शेपटीचा साचा करतानाच तिची सपाट जागा आणि तिच्यावर प्रकाश टाकणारा दिवा धरून ठेवा.