विहिरीच्या भिंतीतली कोरी रेघ

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वावरातली विहीर खोल केली. वर्धा नदी तिथून दोन शेतं सोडून वाहते. दोराला धरून उतरताना भिंतीत आधी काळी माती दिसते, मग चुनखडीचे खडे असलेला पिवळा गाळ, त्याखाली वाळू-गोटे, आणि शेवटी सब्बल खणकन वाजते तो काळा पाषाण. गोटे आणि पाषाण यांच्यामधल्या रेघेवर मी बोट ठेवलं. खालचा दगड लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. वरचा गाळ नदीचा, त्या मानाने अगदी कालचा. मधल्या कोट्यवधी वर्षांचं माझ्या बोटाखाली काहीच नव्हतं.

सस्तन प्राणी वाढले ते नेमके याच काळात. डायनासोर संपले तेव्हा त्यातले बहुतेक उंदीर-मांजराएवढे होते. पुढे ऑलिगोसीन युगात, म्हणजे 3.4 ते 2.3 कोटी वर्षांपूर्वी, आशियात पॅरासेराथेरियम हा बिनशिंगी गेंडा चरत होता. खांद्यापाशी पाच मीटरच्या आसपास उंच, वजन 15 ते 20 टन. जमिनीवर चाललेल्या सर्वांत अवाढव्य सस्तन प्राण्यांपैकी तो एक. त्याची हाडं बलुचिस्तानात डेरा बुगटीला सापडली, 1911 मध्ये त्याला हे नाव मिळालं. तिकडे गाळ साचत गेला, हाडं झाकली गेली. आपल्याकडचा काळा पाषाण तेव्हा उघड्यावर झिजत होता, आणि झिजत्या जमिनीत हाडं टिकत नाहीत.

आपल्या गाळाची गोष्ट सुरू होते ती प्लायस्टोसीन युगात. हे युग 25.8 लाख वर्षांपूर्वी सुरू झालं आणि 11,700 वर्षांपूर्वी संपलं. नर्मदेच्या आणि गोदावरीच्या गाळातून त्या काळातले हत्ती, पाणघोडे आणि रानबैल निघाले आहेत. आपली वर्धा प्राणहितेतून गोदावरीलाच मिळते. त्या हत्तीचं नावच नर्मदेवरून पडलं: पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. आजच्या हत्तीपेक्षा तो बराच थोराड होता.

मला सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या दाढेचं. जातं गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. हत्तीच्या दाढेला ती कधीच लागत नाही. दाढेत कडक दंतवल्काच्या चपट्या पट्ट्या एकामागे एक उभ्या असतात आणि त्यांच्या मधे मऊ भरण असतं. चावताना मऊ भाग लवकर झिजतो, पट्ट्यांच्या कडा वर राहतात, म्हणजे दाढ जितकी दळते तितकी खरखरीत राहते. एक दाढ झिजली की मागून दुसरी पुढे सरकते. हत्तीला जन्मभरात वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला अशा सहा-सहाच मिळतात. वाळूमिश्रित गवत दळायला याहून चांगलं जातं मला माहीत नाही.

एवढं असूनही नर्मदेचा तो हत्ती टिकला नाही. हवामान बदलत होतं, माणूसही शिकार करत असावा. आजची हत्तीण सुमारे 22 महिने गाभण असते आणि मग एकच पिल्लू देते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जनावरांचा कळप वर्षाला दोन-चार जनावरं जास्त गेली तरी भरून निघत नाही.

पहिल्या पुरानंतर नदीची दरड कोसळते तेव्हा नीट बघा. हाडासारखं जड, दगडी काही दिसलं तर उपटू नका. मापासाठी शेजारी विळा ठेवून फोटो काढा, आणि फोटोत दरडीचे थरही येऊ द्या. हाड कोणत्या थरात होतं त्यावरून त्याचं वय काढतात. घरी आणून कोनाड्यात ठेवलेल्या हाडाचं ते सांगता येणं फार अवघड होऊन बसतं.