पांदणीच्या तोंडाशी दोन गोटे

कार्तिकात तूर डोक्यावर गेली की आमच्या यवतमाळकडच्या शिवारात सगळ्या पांदणी सारख्याच दिसतात. दोन्ही अंगांना बोरी-बाभळींचं कुंपण, मधे बंडीच्या चाकोऱ्या. नववीत असताना एका संध्याकाळी मामाच्या वावरातून निघालो आणि वाट चुकलो. डावा हात कुंपणाच्या बाजूला धरून चालत राहिलं की बाहेर पडता येतं, असं ऐकलं होतं. तसाच चाललो, अन् त्याच वाकड्या बाभळीपाशी तिसऱ्यांदा आलो.

हा नियम खोटा नाही. पण तो हमखास चालतो तो सगळी कुंपणं एकमेकांना जोडलेली असतील तेव्हाच. चारी बाजूंनी पांदणी असलेलं वावर म्हणजे बेट. त्याचं कुंपण धरलं, की त्याच वावराला प्रदक्षिणा घालत बसायचं.

यावरची पक्की युक्ती त्रेमो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची. एदुआर ल्युका या गणितज्ञाने ती १८८२ साली आपल्या पुस्तकात दिली. तिला नकाशा लागत नाही, खिशात गोटे असले की पुरे. तिठ्यावरून एखाद्या पांदणीत शिरताना तिच्या तोंडाशी एक गोटा ठेवायचा, पांदणीतून तिठ्यावर बाहेर पडतानाही एक. नव्या तिठ्यावर आलात तर कोणतीही पांदण धरा. नव्या पांदणीने जुन्याच तिठ्यावर निघालात, किंवा वाट पुढे बंदच झाली, तर आल्या पावली मागे फिरा. जुन्या पांदणीने परत आलात तर बिनगोट्याची पांदण घ्या. तशी उरली नसेल तर एका गोट्याची. दोन गोटे दिसले, तिकडे जायचं नाही.

एवढ्यावर अडकायला का होत नाही? कारण ज्या पांदणीने एखाद्या तिठ्यावर पहिल्यांदा आलो, तिच्या तोंडाशी एकच गोटा असतो. बाकी सगळ्या संपल्या तरी परतीची ती वाट शिल्लक राहते. शिवाय कोणतीही पांदण दोनदाच चालली जाते, एकदा जाताना, एकदा येताना. शिवारात सगळ्या मिळून तीन किलोमीटर पांदणी असतील, तर कितीही नशीब फुटकं असलं तरी सहा किलोमीटरच्या आत वाट सापडणारच. पांदण किती वळते, तूर किती उंच आहे, याच्याशी या गणिताला काही घेणंदेणं नाही. कोणता तिठा कोणाला जोडलाय, एवढंच ते बघतं.

त्या बाभळीपाशी चार पांदणी मिळतात. मी दोनच तुडवत होतो. गावाकडची तिसरी होती.