हाय-गेन ॲम्पचा टोन जोखायचा कसा?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या मेटल वाजवणाऱ्या मुलांशी बोलताना एक तक्रार हमखास निघते. घरी जो आवाज अंगावर येतो, तो गॅदरिंगच्या स्टेजवर कुठे गायब होतो कळत नाही. ड्रम ऐकू येतात, बेस गिटार ऐकू येते, गायक ऐकू येतो. गिटारच्या वाट्याला मात्र नुसती खरखर. मग खापर ॲम्पवर फुटतं, नाहीतर साउंडवाल्यावर. नव्या ॲम्पसाठी पैसे जमवायला निघालेल्या या पोरांना मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, की आधी तुम्ही तो टोन किती आवाजात, कुठे बसून आणि कोणाच्या साथीत जोखला ते तपासा. गेन आणि बेस-मिड-ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर) यांचा बॅलन्स बहुतेक वेळा तिथेच बिघडलेला असतो.

सुरुवात गेनपासून, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्यापासून करू. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल क्षीण असतो. तो वाढवायला ट्यूब ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये (ॲम्पच्या पहिल्या भागात) बहुधा १२एएक्स७ ही ट्यूब (काचेची व्हॅक्यूम नळी) असते, आणि हाय-गेन ॲम्पमध्ये अशा टप्प्यांची रांगच असते. पहिल्यानं वाढवलेला सिग्नल दुसरा आणखी वाढवतो, दुसऱ्याचा तिसरा. सोल्डानो एसएलओ-१००, पीव्ही ५१५०, मेसा बूगी ड्युअल रेक्टिफायर ही या घराण्यातली गाजलेली नावं. प्रत्येक टप्प्याला एक मर्यादा असते. सिग्नल तिच्यापलीकडे गेला की तरंगाचा माथा कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात, आणि आपलं डिस्टॉर्शन (मेटलचा तो करकरीत आवाज) यातूनच येतं.

माथा कापला की हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांची, गर्दी होते. तरंग वरून आणि खालून सारखाच कापला तर मूळ कंपनसंख्येच्या ३ पट, ५ पट, ७ पट अशी विषम हार्मोनिक्स वाढतात; एका बाजूनं जास्त कापला तर २ पट, ४ पट अशी समही मिसळतात. तानपुरा कान देऊन ऐकलेल्यांना यातलं एक ओळखीचं आहे. खर्जाच्या तारेवर जवारी नीट लागली की कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार म्हणजे षड्जाचं पाचवं हार्मोनिक. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवर हाच गंधार वर येतो. पॉवर कॉर्डमध्ये बोटांखाली फक्त षड्ज आणि पंचम असतात, तरीही तो भरलेला वाटतो याचं हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मजेशीर आहे. क्लिपिंगमध्ये दोन सूर एकमेकांत मिसळून बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. ए हा सूर म्हणजे ११० हर्ट्झ आणि वरचा ई म्हणजे सुमारे १६५. वजाबाकी ५५ हर्ट्झ, म्हणजे त्याच ए चा खालच्या सप्तकातला जोडीदार. गिटारवर नसलेला सूर ॲम्पनं स्वतः तयार केला, आणि तोही सुरात!

आता याच ए वर मेजर कॉर्ड (षड्ज, शुद्ध गंधार, पंचम) वाजवा. स्वयंभू गंधार ५५० हर्ट्झवर उभा आहे. गिटारचे पडदे मात्र समान अंतराच्या स्वरसप्तकाप्रमाणे बसवलेले असल्यानं पडद्यावरच्या सी शार्पचं, म्हणजे कॉर्डमधल्या गंधाराचं, हार्मोनिक ५५४.४ वर येतं. दोघांत सेकंदाला चार-साडेचार वेळा आवाज कमी-जास्त होण्याची आंदोलनं होतात. क्लीन (डिस्टॉर्शनशिवायच्या) टोनमध्ये ती फारशी जाणवत नाहीत. गेन वाढवला की तीच ठळक होतात, वजाबाकीचे सूरही तिरपे पडतात आणि सगळा चिखल होतो. मला गेन जोखायची ही सर्वांत प्रामाणिक कसोटी वाटते: एकाच जागी मेजर आणि मायनर (कोमल गंधाराचा) कॉर्ड आलटून पालटून वाजवायचे. फरक कळेनासा झाला की गेन गरजेपेक्षा जास्त झाला. मेटलला तितका लागतोच, असं म्हणणाऱ्यांनी रेकॉर्डिंग नीट ऐकावं; भिंतीसारखा वाटणारा आवाज पुष्कळदा कमी गेनच्या दोन-चार गिटार एकावर एक रेकॉर्ड करून उभा केलेला असतो.

यापुढचा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची सोय) क्लिपिंगच्या आधी आहे की नंतर, यावर त्याचा अर्थच बदलतो. नंतरचा ईक्यू तयार झालेल्या आवाजाचा रंग बदलतो. आधीचा ईक्यू डिस्टॉर्शन कशाचं होणार ते ठरवतो. गिटारच्या सिग्नलमध्ये सर्वांत मोठे हेलकावे खालच्या सुरांचे असतात. तो जाड तरंग मर्यादेला टेकला की त्याच्यावर स्वार झालेले वरचे बारीक तरंगही कापले जातात. परिणाम म्हणजे फडफडणारा, सैल, उशिरा सावरणारा आवाज. म्हणूनच हाय-गेन ॲम्प बनवणारे बेस आधी कमी करतात आणि हवा असेल तर नंतर परत देतात. ॲम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लावून त्याचा ड्राइव्ह (पेडलचं स्वतःचं डिस्टॉर्शन) जवळजवळ शून्य आणि लेव्हल (बाहेर जाणारा आवाज) वर ठेवण्याची पद्धत याचसाठी आहे. ते पेडल खालचे सूर कमी करतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणतं. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तर ही विभागणी समोरच दिसते. तिथे टोनचे नॉब मुख्य गेनच्या आधी आहेत, आणि ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झचे पाच स्लायडर नंतर. जाणकार बेसचा नॉब जवळजवळ बंद ठेवतात आणि ८० चा स्लायडर उचलतात. आकडे बघून हे उलटं वाटतं, कानाला मात्र पटतं.

हे स्वतः ऐकायचं असेल तर जाड ई तार घ्या, ८२.४ हर्ट्झ. तळहाताची कड ब्रिजवर (घोडीवर) ठेवून पाम म्यूट करत सोळाव्या मात्रेच्या गतीनं सलग वाजवा आणि दर फटक्याच्या सुरुवातीकडे लक्ष द्या. आधी पिकचा 'टक्' यायला हवा, लगेच छातीत जाणवणारा 'धप्', आणि पुढचा फटका येण्याआधी क्षणभर शांतता. आता बेसचा नॉब हळूहळू वर न्या. एका टप्प्यापर्यंत धप् मोठा होतो. त्यापुढे तो मोठा न होता लांबतो, मधली शांतता भरून जाते आणि टक् हरवतो. तिथे थांबा, थोडं मागे या. मग गेन कमी करून हेच पुन्हा करा. तो टप्पा नॉबवर आणखी पुढे सरकलेला आढळेल. बेस आणि गेन वेगवेगळे लावता येत नाहीत, हे या एका प्रयोगात बोटांना कळतं.

नॉब बारा वाजता ठेवले म्हणजे आवाज सपाट, हा समजही सोडून द्यायला हवा. फेंडर-मार्शल पद्धतीच्या टोन सर्किटमध्ये बेस, मिड, ट्रेबल एकमेकांवर अवलंबून असतात आणि तिन्ही मधोमध ठेवले तरी मिडमध्ये खड्डा असतोच. त्यात कोणी मिड आणखी खाली ओढला की काय उरणार?

घरी तो खड्डा गोड का वाटतो, याचं उत्तर कानात आहे. बेल लॅबमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आपला कान सगळ्या कंपनसंख्या सारख्या जोरानं ऐकत नाही, आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर असेल, तर १०० हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटण्यासाठी सुमारे २४ डेसिबल जास्त लागतात. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर नेला तर हा फरक साधारण १२ वर येतो. रात्री घरचे झोपलेले असताना हळू आवाजात ॲम्प लावला की बेस कमी वाटतो, म्हणून तो वाढवला जातो, मिड घटवला जातो. तेच नॉब स्टेजच्या आवाजात बेसचा पूर आणतात. कमी आवाजात सराव जरूर करा, पण कार्यक्रमाचे नॉब कार्यक्रमाच्याच आवाजात लावा.

त्याच कानाची दुसरी खोड म्हणजे जे थोडं मोठं ते चांगलं वाटतं. मिड किंवा गेन फिरवला की एकूण आवाजही बदलतो. दोन सेटिंगची तुलना करताना मास्टर व्हॉल्यूमनं दोन्ही सारख्या पातळीवर आणल्याशिवाय निकाल देऊ नका. मोबाइलचं डेसिबल ॲप वापरत असाल तर त्यात 'सी' मापन निवडा. 'ए' मापन १०० हर्ट्झला १९ डेसिबल कमी मोजतं, मग बेसची चूक पकडता येत नाही. आणि वेळ मर्यादित ठेवा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा ('ए' मापनानं) आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. थकलेला कान वरचे सूर कमी ऐकतो आणि हात ट्रेबलकडे जातो. इअरप्लग वापरा, यात कमीपणा काही नाही.

स्पीकरकडे येऊ. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्यानं उतरतो, आणि तेच बरं आहे. क्लिपिंगमधून निघालेली वरची सगळी चरचर तो गाळतो. प्रोसेसरमधून (इफेक्टच्या डिजिटल पेटीतून) थेट पीएला (हॉलच्या मोठ्या स्पीकरना) लाइन देणाऱ्यांनी कॅब सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) बंद ठेवलं तर हीच चरचर हॉलभर पसरते. शिवाय हा स्पीकर हजार-बाराशे हर्ट्झच्या पुढचा आवाज टॉर्चसारखा समोर फेकतो. ॲम्प फरशीवर आणि वाजवणारा उभा असेल, तर तो झोत त्याच्या पोटऱ्यांना लागतो. त्याला आवाज मंद वाटतो, तो प्रेझेन्स (अगदी वरच्या सुरांचा नॉब) वाढवतो, आणि समोर बसलेल्यांचे कान सोलून निघतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा, मागे कलता करा, किंवा खाली बसून स्पीकरच्या रेषेत कान आणून ऐका. हा उपाय फुकट आहे.

सरावाच्या खोल्या आपल्याकडे बहुधा दहा बाय बाराच्या, शहाबादी फरशीच्या, उघड्या प्लास्टरच्या. १० फुटांच्या अंतरात सुमारे ५६ आणि ११२ हर्ट्झ, १२ फुटांच्या अंतरात सुमारे ४७ आणि ९४ हर्ट्झ घुमतात. गिटारची मोकळी ए तार ११० ची आणि जाड ई तारेवरचा दुसरा पडदा ९२.५ चा. म्हणजे नेमके हे दोन सूर फुगतात, खास करून ॲम्प कोपऱ्यात असेल तर. जाड तारेवर एकेक पडदा चढत जा. दोनच सूर उसळत असतील तर बेसच्या नॉबला हात लावू नका, ॲम्प कोपऱ्यातून बाहेर ओढा. भिंतीवर टांगलेल्या गोधड्या वरचा खणखणाट कमी करतात, खालच्या घुमण्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

विजेचाही विचार हवा. हंगामात शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की गावाकडे २३० ऐवजी २०७ व्होल्ट मिळणं नवलाचं नाही. साध्या ट्यूब ॲम्पमध्ये आतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतात. ताकद ढोबळमानानं १९ टक्के घटते, म्हणजे जेमतेम १ डेसिबल, पण ॲम्प लवकर क्लिप होतो आणि पाम म्यूटचा फटका मऊ पडतो. चांगला स्टॅबिलायझर घ्या. गुणगुण होते म्हणून अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

शेवटचा निकाल बँडमध्येच लागतो. बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा, पण तिची हार्मोनिक्स गिटारच्या खालच्या भागावर पसरलेली असतात, आणि खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकतो हा कानाचा स्वभाव आहे. गिटारनं ८०-१०० हर्ट्झसाठी तिथे भांडायचं नाही. तो धप् बेस गिटार आणि किक ड्रम मिळून देतात. गिटारची स्वतःची जागा ४०० ते २००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे घरी ज्या मिडला कापलं जातं तिथेच. पूर्ण बँड वाजत असताना मित्राला गिटार द्या, स्वतः हॉलच्या मधोमध उभे राहा आणि त्याला मिड इतका वाढवायला सांगा की रिफमधला (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीतला) एकेक सूर मोजता येईल. एकट्या गिटारवर तो टोन नाकात बोलल्यासारखा लागेल. तसाच राहू द्या. दोन गिटार असतील तर दोघांनी एकच सेटिंग ठेवू नये. एकानं ७०० च्या आसपास पुढे यावं, दुसऱ्यानं दीड हजाराच्या, आणि गेन दोघांनीही घरच्यापेक्षा कमी ठेवावा.