विश्वास आणि क्रिया (नवा करार)

माणूस देवापुढे नीतिमान (निर्दोष) कशाने ठरतो, विश्वासाने की क्रियांनी, याविषयी बायबलच्या नव्या करारातील पत्रांत दिसणारा तणाव. नियमशास्त्रातील (मोशेच्या धर्मनियमांतील) कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो (३:२८). याकोबाचे पत्र म्हणते, माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे (२:२४). ही भाषा इतकी जुळते की, याकोबाचा रोख पौलाच्या शिकवणीवर किंवा तिच्या विपर्यासावर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

दोघेही साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम यालाच बोलावतात, तेही एकाच वचनानिशी: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणण्यात आले (उत्पत्ती १५:६). पौलाचा सगळा भर क्रमावर आहे. हे वचन पंधराव्या अध्यायातले, सुंतेची आज्ञा सतराव्यातली. म्हणजे देवाने अब्राहामाला सुंतेआधीच पत्करले आणि सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांचाही (यहूदी नसलेल्यांचाही) तो पिता ठरला. याकोब बाविसाव्या अध्यायाकडे वळतो. अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवले तेव्हा तो विश्वास क्रियांनी पूर्ण झाला, असे तो म्हणतो आणि पाठोपाठ इस्राएलच्या हेरांना आसरा देणाऱ्या राहाब वेश्येचे उदाहरण देतो.

दोघांसमोरची माणसे वेगळी होती. गलतीयातील परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती होत होती, तिच्याविरुद्ध पौल झगडत होता. अंत्युखियात केफा (म्हणजे पेत्र) परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. याकोबासमोर आहे ती श्रीमंताला मानाची जागा देऊन गरिबाला पायांशी बसवणारी सभा. उघड्या, उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणणाऱ्याचा विश्वास तो निर्जीव मानतो. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हे त्याचे वाक्य आजही झोंबते.

एवढ्याने विरोध पुरता मिटतो, असे मात्र म्हणता येत नाही. याकोबाचा नकार नि:संदिग्ध आहे. शिवाय हा ताण खुद्द पौलातही आहे: देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देईल, असे तोच लिहितो (रोम २:६) आणि प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास महत्त्वाचा मानतो (गलती ५:६).

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला. प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला इतर पत्रांच्या तुलनेत गवताचे पत्र म्हटले. पुढील आवृत्त्यांतून तो शेरा गळाला. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी, याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारार्थी येतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये केवळ विश्वासाचा सिद्धांत धिक्कारला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण कृपेने मिळते, सत्कृत्ये हे त्याचे फळ आहे, आणि घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातील परस्परांचे धिक्कार लागू होत नाहीत. मेथॉडिस्ट २००६ मध्ये, तर रिफॉर्म्ड चर्चेस २०१७ मध्ये, हे इतर प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाले. नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो का, यावरचे मतभेद घोषणापत्रातही नोंदलेले आहेत.