एकाच नावाचे दोन ड्रमवादक : रॉजर टेलर आणि रॉजर टेलर

13 जुलै 1985 रोजी ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या मैफिलीच्या मंचावर रॉजर टेलर नावाच्या दोन इंग्रज ड्रमवादकांनी वादन केले; ‘क्वीन’ या रॉक बँडचे टेलर लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये होते आणि ‘ड्युरान ड्युरान’ या पॉप बँडचे टेलर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. नाव, वाद्य आणि देश असे सारेच जुळल्याने या दोघांची गल्लत आजही होते. त्यात ड्युरान ड्युरानमध्ये जॉन आणि अँडी असे आणखी दोन टेलर होते, पण या तिघांचे आपसांत काहीही नाते नव्हते.

क्वीनचे टेलर वयाने अकरा वर्षांनी मोठे. 1949 मध्ये जन्मलेले आणि कॉर्नवॉलमधील ट्रुरो येथे वाढलेले टेलर दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला आले, तेथे गिटारवादक ब्रायन मे यांच्यासोबत ‘स्माइल’ या बँडमध्ये वाजवू लागले, आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेले गायक फ्रेडी मर्क्युरी येऊन मिळाल्यावर 1970 मध्ये क्वीनची सुरुवात झाली. ड्युरान ड्युरानचे टेलर 1960 मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मले आणि 1979 मध्ये त्या बँडमध्ये दाखल झाले.

वादन ऐकले की फरक लवकर कळतो. क्वीनचे टेलर स्नेअरवर (तीक्ष्ण आवाजाच्या मुख्य ड्रमवर) आघात करतानाच हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) किंचित उघडतात, त्यामुळे ठेक्याला एक खरखरीत, पसरट झणका येतो. ड्युरान ड्युरानच्या टेलर यांचा ठेका डिस्कोच्या वळणाचा, नेटका आणि जॉन टेलर यांच्या बेसशी घट्ट बांधलेला असतो. तो नाचण्यासाठी आहे आणि त्यात उणे काहीच नाही.

खरे अंतर मात्र ड्रमच्या पलीकडे आहे. क्वीनचे टेलर गायक आणि गीतकारही आहेत. ‘रेडिओ गा गा’ हे गाणे त्यांचेच, आणि ‘बोहेमियन रॅप्सडी’तील सर्वांत उंच स्वरही त्यांचाच. त्यामुळे त्यांचे एकल संगीत हा फावल्या वेळचा उद्योग वाटत नाही. 1981 चा ‘फन इन स्पेस’ हा क्वीनच्या कोणत्याही सदस्याचा पहिला एकल अल्बम होता आणि त्यातील बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतःच वाजवली. 1984 मध्ये ‘स्ट्रेंज फ्रंटियर’ आला. नंतर ‘द क्रॉस’ या बँडमध्ये त्यांनी ड्रम दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः गायन आणि गिटार सांभाळली; हा प्रयोग, माझ्या मते, त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फिका भाग आहे. मर्क्युरी यांच्या निधनानंतरचा ‘हॅपिनेस?’ (1994) अधिक गंभीर आहे, आणि लॉकडाऊनच्या काळात आकाराला आलेला ‘आउटसायडर’ (2021) तर वय, एकटेपणा आणि सरत्या काळाबद्दल मंद लयीत बोलतो. सत्तरी ओलांडलेल्या या गायकाचा घोगरा आवाज त्या गाण्यांना शोभून दिसतो.

ड्युरान ड्युरानच्या टेलर यांची वाट वेगळी. सततच्या धावपळीने थकून त्यांनी 1986 मध्ये बँड सोडला आणि ते ग्रामीण भागात राहायला गेले. 2001 मध्ये बँडच्या गाजलेल्या संचातील पाचही जण पुन्हा एकत्र आले, 2004 मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोनॉट’ हा अल्बम प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून रॉजर टेलर बँडसोबतच आहेत. त्यांच्या बँडची गाणी बहुधा सर्व सदस्यांच्या सामाईक नावावर असतात. म्हणून एखाद्या जुन्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून एकट्या रॉजर टेलर यांचे नाव छापलेले दिसले, तर ते बहुतेक वेळा क्वीनचे टेलर असतात.