कामावरील अपघात आणि नुकसानभरपाई: पात्रता, कागदपत्रे व अर्जाची पद्धत

कारखान्यात, बांधकामावर किंवा मालवाहू गाडीवर काम करताना कामगार जखमी झाला, तर भरपाई मिळवण्याचे कायद्यात दोन वेगळे मार्ग आहेत. आपला मार्ग कोणता, हे आधी ठरवून घेतल्यास पुढची बरीच धावपळ वाचते. पगारातून ०.७५ टक्के वर्गणी कापून ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे ईएसआयसीकडे, भरली जात असेल, तर दावा तेथेच करायचा असतो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी आहे. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. जे या योजनेबाहेर राहतात, त्यांच्या भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. ही जबाबदारी पूर्वी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्यावर त्या अधिनियमाची जागा संहितेतील स्वतंत्र प्रकरणाने घेतली, परंतु मूळ चौकट बदललेली नाही. पुढील माहिती मुख्यतः या दुसऱ्या मार्गाची आहे.

पात्रता

अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झालेला असावा, ही मुख्य अट आहे. दुखापतीमुळे तीन दिवसांपेक्षा अधिक काळ काम करता आले नसेल, तरच भरपाई लागू होते. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले, आणि त्यातूनच अपघात झाला, असे मालकाने सिद्ध केल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. मात्र मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब चालत नाही. "त्याचेच लक्ष नव्हते" हे वाक्य बहुतेक प्रकरणांत ऐकू येते, पण साधा निष्काळजीपणा म्हणजे हेतुपुरस्सर नियमभंग नव्हे, हे अर्जदाराने लक्षात ठेवावे.

घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आल्यास, कामावरचाच मानला जातो. संहितेत तसे स्पष्टपणे लिहिले आहे. त्याआधीच्या अपघातांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हाच अर्थ लावला; ते प्रकरण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते, जो २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला असताना रस्त्यातच मरण पावला.

ठेकेदाराच्या कामगारांना बहुधा "तुम्ही आमचे नाहीत" असे मूळ कंपनीकडून सांगितले जाते. काम कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल आणि अपघात तिच्या ताब्यातील जागेत झाला असेल, तर कामगार थेट कंपनीकडूनही भरपाई मागू शकतो. ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करणे हा कंपनीचा प्रश्न आहे.

रक्कम कशी ठरते

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. वय जितके कमी, तितका गुणक मोठा: २५ व्या वर्षी २१६.९१, ३५ व्या वर्षी १९७.०६ आणि ४५ व्या वर्षी १६९.४४. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार या हिशेबात वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते, मग प्रत्यक्ष पगार कितीही असो. त्यामुळे ३५ वर्षांच्या, १५,००० रुपये वेतनाच्या कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसांना १४,७७,९५० रुपये आणि त्याला संपूर्ण अपंगत्व आल्यास १७,७३,५४० रुपये देय होतात.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्याच्या अनुसूचीत टक्के दिले आहेत. प्रेस मशीनवर अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के. वरील कामगाराचा अंगठा गेल्यास १७,७३,५४० च्या ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये होतात. अनुसूचीत नसलेल्या दुखापतींमध्ये, उदाहरणार्थ कंबरेच्या किंवा मणक्याच्या, डॉक्टरने केवळ शारीरिक अपंगत्वाचे नव्हे तर कमाईची क्षमता किती घटली याचे प्रमाण लिहून द्यावे लागते, आणि बरेच अर्ज नेमके येथे लंगडे पडतात. कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये शंभर टक्के अक्षम ठरवले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. प्रमाणपत्र घेताना आपण नेमके कोणते काम करत होतो, हे डॉक्टरांना सविस्तर सांगावे.

तात्पुरत्या अपंगत्वात मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला, जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच द्यायचा असतो; म्हणून औषधांच्या पावत्या टाकून देऊ नयेत.

कागदपत्रे आणि अर्ज

अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर मालकाला द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास पोस्टाने पाठवावी. मालकाला अपघात आधीच ठाऊक असेल, तर सूचना दिली नाही एवढ्या कारणावरून दावा बुडत नाही, पण ते सिद्ध करण्याची कसरत कशाला? रुग्णालयात दाखल होताना अपघात कामावर झाल्याचे केसपेपरवर नोंदवून घ्यावे. "घरी पडलो" असे मुकादमाच्या सांगण्यावरून लिहिले गेले, तर पुढे ते पुसता येत नाही.

अर्जासोबत वैद्यकीय कागद व डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पोलिसांत नोंद झाली असल्यास एफआयआर व पंचनामा, वयाचा पुरावा, आणि वेतन व नोकरीचा पुरावा जोडावा. पगारपत्रक नसेल तर बँकेचे पासबुक, गेटपास, हजेरीची नोंद किंवा सहकाऱ्याची साक्षही उपयोगी पडते. मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि अवलंबितांचे नाते दाखवणारी कागदपत्रे लागतात.

दावा अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्यापुढे दाखल करावा. जुन्या कायद्यात यालाच आयुक्त म्हणत आणि महाराष्ट्रात हे काम बहुतांशी कामगार न्यायालये पाहत आली आहेत. योग्य कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. अपघात झाला तेथे किंवा अर्जदार राहतो तेथे अर्ज करता येतो, त्यामुळे भिवंडीत मरण पावलेल्या कामगाराच्या पत्नीला नांदेडमधूनही दावा चालवता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा; महिला आणि औद्योगिक कामगार उत्पन्न न पाहता मोफत साहाय्याला पात्र आहेत.

मालकाने भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात द्यायला हवी. न दिल्यास १२ टक्के सरळ व्याज लागते, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. अंत्यविधीच्या गडबडीत कुटुंबाच्या हाती ठेवलेले पाकीट भरपाई ठरत नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम तेवढी नंतर वळती करता येते. त्याचप्रमाणे "आता माझी काही मागणी नाही" असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, तरी त्याने कायद्याचा हक्क संपत नाही. खरोखर समझोता झाला असेल, तर त्याची प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करून घ्यावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास प्राधिकारी नोंदणी नाकारू शकतो.

निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, पण ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर, आणि मालकाला अपिलासाठी ठरलेली पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते.